फडक्याखालची हळद

मी आयुष्यभर कचेरीत शिक्के मारले. त्यामुळे सांगली स्टँडबाहेर पाटीत हळकुंडं घेऊन बसणाऱ्या त्या बाईंवर माझा पहिल्यापासून संशय होता. सांगलीच्या हळदीला सरकारी मानांकन आहे. बाहेरची हळद सांगलीची म्हणून विकता येत नाही. दुकानातल्या पाकिटांवर तसा शिक्का असतो. बाईंच्या पाटीवर नुसतं फडकं.

गिऱ्हाईक थांबलं की त्या बोलायच्या नाहीत. एक हळकुंड उचलून त्याच्या कानाजवळ मोडायच्या. कट्ट आवाज यायचा, आत गर्द केशरी दिसायचं. मी मनात म्हणायचो, परगावची हळदही अशीच मोडत असेल.

एकदा मी विचारलंच, "शिक्का कुठाय?" आणि फोटोसाठी मोबाईल काढला. त्यांनी झटकन पाटी झाकली.

"कोन तुमी? कंपनीचं का?"

"नाही हो, गिऱ्हाईक."

"मागं एक सायेब असाच फोटो काढून गेला. शिक्का पायजे तर नाव नोंदवाय लागतंय म्हनला. सातबारा नेला, आंगठा घेतला. परत आला न्हाई. आवं, शिक्का हळदीला मिळाला, पिकवणारीला न्हाई."

मला तेही खोटंच वाटलं. समोरच्या दुकानातून शिक्क्याचं पाकीट घेतलं. आत पूड होती. मोडून बघावं असं त्यात काहीच नव्हतं.

बाहेर आलो तर बाई माझ्याकडेच बघत होत्या. मी बसमध्ये चढेपर्यंत त्यांनी पाटीवरचं फडकं काढलं नाही.