कोरडी काडी

इकडं या, जरा जवळ बसा. गाडीतल्या पेट्रोलचा काटा बघून निघता आणि अर्ध्या वाटेत ढकलत बसता, काही वाटतं का जिवाला? आमचे अण्णा असते तर म्हणाले असते, "काट्याचं ऱ्हाऊ द्या, काडी बुडवा."

अण्णा वडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. घर विणकरांचं, पण हे विमान चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेत इंधन भरायला होते. वडिलांच्या हातमागाची एक लाकडी पट्टी होती, तिच्यावर खुणा करून टाकीतलं पेट्रोल मोजायची काडी बनवलेली. विमानाच्या दोन्ही पंखांत टाक्या असतात म्हणे. दोन्हींत काडी बुडवल्याशिवाय अण्णा सही करायचे नाहीत. पोरं चिडवायची, "अण्णा, घरी आमटीत पण बुडवता काय?"

"बुडवतो की. तुमच्या काकूचा काय भरवसा?"

एकदा नळाला आठ दिवस पाणी नव्हतं. हौदात किती उरलंय बघायला मी त्यांच्या कट्ट्यावरची काडी उचलली. विचारलंसुद्धा नाही. अण्णांनी कपाळाला हात लावला. "आक्का, लई घोटाळा केलासा. पेट्रोलात पाणी गेलं तर इंजिन बंद पडतंय." काडी वाळायला उन्हात उभी केली आणि तिच्याशिवायच कामावर गेले.

त्या दिवशी डाव्या टाकीचा काटा अर्ध्यावर होता. अण्णांनी काट्याचं ऐकलं. खरं तर टाकी रिकामी व्हायला आलेली. शिकणारी एक पोरगी एकटीच वर गेली आणि इंजिन थांबलं. उजवी टाकी भरलेली होती, पण घाबरलेल्या पोरीला तिकडची चावी फिरवायचं सुचलं नाही. विमान येळ्ळूरच्या भातशेतात आदळलं. हात मोडला, जीव वाचला.

शाळा म्हणाली, चूक पोरीची, काढून टाका. तेव्हा अण्णा चौकशीत उभे राहिले. "तिनं माझ्या सहीवर भरवसा ठेवला. काडी न बुडवता सही केली मी."

"का नाही बुडवली?"

"कंटाळा केला."

कंटाळा! अण्णांनी! पोरगी शाळेत राहिली, अण्णांची नोकरी गेली. मी रडत त्यांच्या दारात गेले, तर म्हणतात, "आक्का, तुमचं नाव घेतल्यानं टाकी भरली असती व्हय? बसा, च्या घ्या."

मीही गप्पच बसले. इतकी वर्षं.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. काकूंनी काडी माझ्या हातात दिली. दाराआड उभी आहे, अगदी कोरडी.

आणि भातशेतात पडलेल्या पोरी, तू आता मोठी विमानं चालवतेस म्हणे. हे वाचलंस तर ऐक, त्यांनी कंटाळा केला नव्हता गं. मी आहे तोवर एकदा ये. लवकर ये, आणि काडी घेऊन जा.