धामणाचा आखूड दांडा आणि आरेतले दोन रविवार

बाबा गेले त्याला आठ महिने झाले आणि माळा आवरायचं काम मी आठही महिने टाळलं. डिसेंबरातल्या एका सुट्टीला शेवटी स्टुलावर चढले. पंख्याच्या खोक्यामागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला धामणाच्या लाकडाचा दांडा मिळाला. उभा धरला तर माझ्या छातीपर्यंत येणारा, एका अंगाला साल, दुसऱ्या अंगाला हाताने उभं फाडल्याच्या खुणा आणि दोन्ही टोकांना मेणबत्तीचं मेण. लाकूड वाळताना टोकं तडकू नयेत म्हणून मेण लावतात, हे नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की बाबांनी तो फेकून दिला नव्हता.

बाबांना धनुष्य करायचं होतं. मरोळच्या ज्या कारखान्यात ते फिटर होते, तिथेच आरे कॉलनीतले सोमाकाका वॉचमन होते. वारली पाड्यावरचा माणूस, स्वतःच्या हाताने तिरकामठा करणारा. डबा खाताना दोघांचं ठरलं होतं, रिटायर झाल्यावर एक करायचाच. बाबांनी गावाहून एसटीच्या टपावर टाकून धामणाचं ओलं खांडही आणलं. पण ते फाडताना बिघडलं आणि विषयच बंद झाला. माळ्यावरून उतरता उतरता मी ठरवलं, त्यांचं हे एक तरी राहून जायला नको.

मुलुंडहून आरेला पवईमार्गे रिक्षा सरळ पडते. रविवारी सकाळी सातला निघालात तर पाऊण तास. उशीर केलात तर पवईला वाट लागलीच समजा. मीटर अडीचशेच्या आसपास होतं. चादरीचं भेंडोळं बघून रिक्षावाला म्हणाला, "ताई, पडद्याचा रॉड बाहेर काढू नका हां, बाइकवाल्याला लागेल."

"रॉड नाही. धनुष्य होणारे त्याचं."

"मग काढा बाहेर. सिग्नलला सगळे बाजूला होतील."

मी खळखळून हसले आणि लगेच मला अपराधी वाटलं. तेव्हा असंच व्हायचं.

आरेत शिरलं की हवा एकदम गार होते आणि तबेल्यांचा वास येतो. पाड्याकडची वाट मातीची आहे, साधी चप्पल नको. आणि कॅमेरा पिशवीत ठेवा. लोक तिथे राहतात, आपल्या फोटोंसाठी बसलेले नाहीत.

सोमाकाका अंगणात ऊन खात बसले होते. "किसनची पोर ना तू?" म्हणाले आणि दांडा हातात घेऊन फाडलेल्या बाजूवरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "टोक कोणी धरलं व्हतं?"

मला प्रश्नच कळला नाही.

"एकट्यानं फाडला ना त्यानं? मी बोललो व्हतो, घरातलं माणूस घे टोक धरायला."

मला समजावं म्हणून त्यांनी कुंपणाजवळचं एक ओलं लाकूड आणलं. दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि मधोमध पाचर ठोकली. चीर थोडी सरळ गेली, मग एका बाजूला पळायला लागली. "जाड अंग दाब! अजून दाब!" मी जोर लावून जाड अंग वाकवलं आणि चीर आपली परत मध्ये आली. दोन-तीनदा असं झालं आणि लाकूड टोकापर्यंत सारखं फाटलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

त्या दहा मिनिटांनी माझा जीव घेतला. कारण मला तो दिवस आठवला. बाबा दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये पाचर घेऊन बसले होते. त्यांनी हाक मारली, "जरा टोक धरतेस का गं?" मी हेडफोन न काढता म्हटलं, "बाबा, कॉल चालू आहे." कॉल कसला होता ते आज आठवतही नाही. त्यांची चीर बाहेर पळाली, आणि पुरुषभर उंचीच्या लाकडातून एवढासा दांडा उरला.

"माझ्या उंचीला बरोब्बर आहे," मी काकांना म्हटलं. "माझ्यासाठी तर आखूड ठेवला नसेल?"

"नाय गं. चीर बाहेर गेली, उरलं ते एवढं." खोटं बोलले असते तरी मला चाललं असतं.

त्या रविवारी सालीखालचा थर जराही न दुखावता आतलं अंग कोयत्याने तासलं. पुढच्या रविवारी काचेच्या तुकड्याने खरवडत, वाकवून बघत, पुन्हा खरवडत दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत बसलो. बांबूच्या सालीची दोरी काकांनी वळली. काकूंनी तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. पैशांचं विचारलं तर रागावल्या, म्हणून तुम्ही कधी गेलात तर पैशांऐवजी चहा-साखर न्या. "आखूड हाय, छातीपर्यंतच वढ," काकांनी बजावलं. काकांनी दिलेला पहिलाच बाण केळीच्या बुंध्याला लागला. मी आनंदाने ओरडेन असं मला वाटलं होतं, पण रडू आलं. काका तोंड फिरवून बिडी शोधत राहिले.

मुलुंडला परतले तेव्हा आई भाजी निवडत होती. प्रवासाने माणूस हलका होतो असं मी या ब्लॉगवर अनेकदा लिहिलंय. या वेळी झाले नाही. धनुष्य चांगलं झालंय, पण मला ते पुरं होऊन हवं नव्हतं. मला ती हाक पुन्हा हवी होती.

आईला सगळं सांगितलं. म्हटलं, "बाबांनी मला हाक मारली होती. मी उठले नाही."

तिने धनुष्य मांडीवर घेतलं.

"तुझ्यानंतर मला हाक मारली," ती म्हणाली. "मी म्हटलं, कुकर लावलाय. लावला नव्हता गं. टीव्ही बघत होते."