काकूंचा झोपाळा, वहिनीची पडवी

आजवर कुणालाच न सांगितलेलं आधी सांगून टाकतो, नाहीतर सवयीप्रमाणे हवापाण्याचं बोलून उठून जाईन. शेजारच्या काकूंच्या झोपाळ्याचा फोटो वहिनीने चोरला नव्हता. तो मी चढवला.

मी फारसा बोलत नाही. न बोलणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर येतो, असं आमच्या दिवेआगरात का कोण जाणे गृहीत आहे. वादळानंतर वहिनीने मागच्या खोल्या पाहुण्यांना द्यायचं ठरवलं, तेव्हा वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. काकूंनीही तेच ठरवलं, आणि त्यांचीही पडली.

वहिनी कुठलीही गोष्ट समजून घेतल्याशिवाय होऊ देत नाही.

"भावोजी, फोटो तुमच्या कॉम्प्युटरात. मुंबईच्या माणसाला दिसणार कसे?"

"स्क्रीनवर दोन भाग असतात. डावीकडे आपला कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर. म्हणजे लांब कुठेतरी सतत चालू असलेला दुसरा कॉम्प्युटर. डावीकडची फाइल ओढायची आणि उजवीकडे सोडायची. एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यावा तसं."

"मग आपल्याकडे काय उरतं?"

"डबा आपल्याकडेही राहतो. तिकडे नक्कल जाते."

"पाठवूनही घरीच राहणारा डबा! हे लग्नातच सांगितलं असतंत तर इतकी वर्षं रांधत बसले नसते."

आता माझी अक्कल. आमच्याकडे घर कुणाचंही असो, पुढे पडवी, मागे विहीर, त्यामागे वाडी. म्हणून मी दोन्ही घरांच्या फोटोंना तीच नावं दिली होती: पडवी, विहीर, वाडी. सर्व्हरवर दोघींचे फोल्डर एकमेकांना खेटून, जसं प्रत्यक्षात मध्ये फक्त कुंपण. एका दुपारी एका हाताने फणसाचे गरे खात आणि दुसऱ्याने माऊस चालवत मी काकूंच्या पडवीचा नवा फोटो ओढला, तो वहिनीच्या फोल्डरात सोडला. प्रोग्रामने विचारलं, या नावाची फाइल तिथे आहे, बदलू का? मला वाटलं, काकूंच्याच जुन्या फोटोबद्दल विचारतोय. म्हटलं, बदल. पुन्हा विचारू नकोस, यावरही खूण केली. आपल्या कॉम्प्युटरात पुसलेलं निदान कचऱ्याच्या डब्यात तरी सापडतं. त्या सर्व्हरवर तसला डबा नव्हता. नव्या फोटोने जुना गिळला आणि ढेकरही दिला नाही.

काकूंच्या पडवीत पितळी कड्यांचा झोपाळा आहे. वहिनीचाही होता. वादळात पडवीवर माड पडला, तेव्हा गेला.

त्या शनिवारी पुण्याचं एक कुटुंब उतरलं. बाईंनी चप्पलही काढली नव्हती. "झोपाळा कुठाय?"

"वादळात गेला हो," वहिनी म्हणाली.

"फोटोत तर आहे!"

वहिनी फोनवर पाहुण्यांना आपणहून सांगते की आंघोळीचं पाणी बंबातलं आहे, धूर होतो, समुद्र खोलीतून दिसत नाही. तिला कुणी खोटारडी ठरवेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तेवढ्यात पाहुण्यांच्या पोरांना कुंपणापलीकडे झोपाळा सापडला, आणि त्यांच्याकडून फोटोचं कळताच, वहिनीच्या वेबसाइटचं पान फोनवर उघडून, पाठोपाठ काकू आल्या.

"काय गो, तुझा पडला म्हणून माझा दाखवून गिऱ्हाईकं गोळा करतेस?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "भावोजी, हे काय?"

"सर्व्हरचा काहीतरी घोटाळा असेल," मी म्हणालो. सर्व्हर बोलत नाही. आमच्या दोघांतला तो समान गुण.

लगेच मी वहिनीचा फोटो पुन्हा चढवला. ती बिचारी काकूंकडे सांगायला गेली, "काढलाय हो, बघा." काकूंनी ते पान पुरावा म्हणून फोनवर उघडंच ठेवलं होतं. फोन बापडा आधी आणलेली नक्कलच दाखवत राहिला.

"हा काय, आहे की! तोंडावर खोटं बोलतेस?"

पान नव्याने आणलं असतं की झालं. पण ते समजवायचं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. मी विहिरीपाशी एक स्वच्छ बादली घासत राहिलो.

कुंपणातलं बांबूचं फाटक तेव्हापासून काथ्याने बांधलेलं आहे. काकूंचे मोदक गणपतीत पहिले आमच्याकडे यायचे, ते यंदा आले नाहीत. म्हणून मीच गेलो, सांगायचंच असं ठरवून. काकूंनी मोदक फोडून वर तूप सोडलं.

"तू बरा हो. कमी बोलतोस, पण खरं बोलतोस. वहिनीसारखा नाहीस."

मी दुसरा मोदक घेतला. मग म्हटलं, बोलणं नाही तर निदान काम तरी. "काकू, फोन द्या जरा." पान नव्याने आणलं. झोपाळा गेला, वहिनीची ओकीबोकी पडवी आली. काकूंनी चष्मा लावून बघितलं.

"बघ, आता काढलंन! इतक्या दिवसांनी लाज वाटली वाटतं."

घरी आलो. वहिनीने विचारलं, "काय म्हणत होत्या हो काकू? माझं काही?"

"काही नाही," मी म्हणालो.

काथ्या अजून तसाच आहे. काकूंच्या पडवीत, वहिनीच्या देखत, "तो फोटो मी चढवला" एवढं एक वाक्य मी त्या दोघींचं देणं लागतो.