आरोग्य समितीच्या कार्यवृत्तात न बसलेलं

सरकारी कार्यवृत्तात 'चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर' एवढंच लिहायचं असतं. ती 'चर्चा' मात्र लिहिणाऱ्याच्या डोक्यात साचत जाते. साठीच्या दशकात, यवतमाळ जिल्ह्याचा कारभार नुकताच निवडून आलेल्या लोकांच्या हाती आला होता, तेव्हा मी आरोग्य समितीचा क्लार्क होतो. माझ्या डोक्यात तर अख्खं गोदाम भरलंय!

सभापती होते नानासाहेब. राळेगावकडचे कापूसवाले, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. डॉक्टरसाहेब जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, पुण्याकडचे, नियमाला घट्ट. आणि सदस्य शेवंताबाई घाटंजीकडच्या, छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या. शाळा चौथीपर्यंत, पण समितीचा प्रत्येक कागद त्या बोट ठेवून वाचत. त्या वाचायला लागल्या की मला घाम फुटायचा!

*

नवा दवाखाना कुठं द्यायचा, यावर एकदा सभा पेटली. प्रत्येक सदस्याला तो आपल्याच गावात हवा.

एकजण म्हणाले, "आमच्या गावात घरोघरी ताप हाय, साहेब!"

दुसरे रामराव. ते उभेच राहिले. "ताप कायले सांगता? आमच्याकडं तर धडधाकट माणूस शोधून सापडत नाही!"

शेवंताबाईंनी मागचे कागद चाळले, बोट एका ओळीवर ठेवलं आणि शांतपणे वाचलं, "स्वच्छ गाव स्पर्धा. रामरावांचा अर्ज. आमच्या गावी वर्षभरात एकही रोगी नाही."

रामराव खाली बसले. "ते... मागच्या महिन्यापर्यंतचं हाय जी!"

*

हिवतापासाठी घरोघरी डीडीटी फवारायचं धोरण वरून आलं. एका गावानं दारं लावून घेतली. डॉक्टरसाहेब मला घेऊन स्वतः गेले. डासांची चित्रं दाखवली, तासभर समजावलं.

एका म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मच्छर मरते, कबूल. पण ढेकून मरून राह्यला नाही त्याचं काय? मागच्या साली मेलता!"

डॉक्टर म्हणाले, "बाबा, हे औषध हिवतापासाठी आहे."

"मले हिवताप सालातून एकदा येते. ढेकून रोज येते!"

पुढच्या सभेत डॉक्टरांनी प्रांजळपणे सांगितलं, की फवारणीबरोबर बाजा उन्हात टाकून उकळतं पाणी ओतायलाही आपल्या माणसांनी शिकवावं. धोरणात हे नव्हतं. पण पुढच्या फेरीला त्याच गावात सगळी दारं उघडी होती, आणि बाजा आधीच अंगणात!

*

देवीची साथ शेजारच्या तालुक्यात आली, तेव्हा समितीनं ठरवलं, आधी सभापतींनी चारचौघांत टोचून घ्यायचं, म्हणजे लोकांची भीती जाईल. जागा घाटंजीचा आठवडी बाजार.

नानासाहेबांनी झकास भाषण ठोकलं. बाही वर केली. मग टोचणाऱ्याच्या हातातलं हत्यार पाहिलं आणि बाही हळूच खाली घेतली. "मले लहानपणी टोचलं हाय बहुतेक..."

मागची रांग चुळबुळली. दोन बायका लेकरं उचलून निघाल्यासुद्धा. आज ही गर्दी परतली असती, तर पुन्हा कोणी आलं नसतं.

तेवढ्यात पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एक म्हातारी पुढं आली. तिच्या तोंडावर देवीचे व्रण होते. तिनं नानासाहेबांचा हात धरला, त्यांची बाही स्वतः वर केली. "टोचून घे बापा. न टोचल्यानं काय होते, ते पाह्य माह्या तोंडाकडं. भेऊ नको, मी हाओ ना इथं!"

नानासाहेबांनी डोळे मिटून टोचून घेतलं. निघालेल्या बायका परत आल्या. दुपारपर्यंत रांग हटली नाही!

*

एका गावात नर्सबाई टिकत नव्हत्या. तिघी आल्या, तिघींनी बदली मागितली. 'नर्सने मुक्कामी राहिलेच पाहिजे' असा कडक ठराव करायला समिती निघाली होती.

शेवंताबाई म्हणाल्या, "थांबा. मी पाहून येतो."

एस.टी.नं गेल्या, दुसऱ्या दिवशी आल्या. "खोलीले कडी बाहेरून हाय. आतून नाही."

रामराव म्हणाले, "एवढ्याशा कडीसाठी बदली?"

"तुमी आपल्या लेकीले ठेवता का तिथं?"

ठराव बदलला. आधी आतून कडी, मग नेमणूक. चौथ्या नर्सबाई त्या गावात पुढं कित्येक वर्षं राहिल्या.

*

आणि ही एस.टी.तली सभा.

महागावकडं एका गावात पटकी, म्हणजे कॉलरा, लागली. विहिरींत टाकायची पावडर आमच्याकडं तयार होती. पण ती फक्त यादीतल्या सार्वजनिक विहिरींना मिळे. यादी जुनी. बौद्ध मोहल्ल्यानं स्वतः खोदलेली विहीर तिच्यात नव्हतीच, आणि आजारी माणसं तिथंच जास्त.

यादी बदलायला समितीचा ठराव हवा. कोरम चारचा. सकाळी सभेला सदस्य आले तीनच, नानासाहेब, शेवंताबाई आणि ते घरोघरी तापवाले. डॉक्टरसाहेबांचा चेहरा पडला. "नियमानं मला देता येत नाही, बाई."

"पटकीनं तुमची यादी वाचली हाय का?" शेवंताबाई कडाडल्या. "डबे गाडीच्या टपावर चढवा. ठरावाचं वाटेत पाहू!"

आम्ही सगळेच महागावच्या एस.टी.त बसलो. गाडी खच्चून भरलेली. नानासाहेब सारखे रुमालानं मान पुसत होते. आर्णीच्या स्टँडवर गाडी थांबली, आणि पिशवी सांभाळत चढले कोण, तर रामराव!

"चार झाले!" शेवंताबाई ओरडल्या. "नानासाहेब, सभा सुरू करा!"

नानासाहेब दांडा धरून उभे राहिले. "गावातल्या समद्या विहिरी यादीत घ्याव्या, कोणाचीबी असो. मंजूर असन त्यानं हात वर करा!"

आणि अख्ख्या गाडीनं हात वर केले! बाया, म्हातारे, कंडक्टर. एवढंच नाही, पुढून ड्रायव्हरनंही एक हात उचलला.

"तुमी दोन्ही हात स्टेरिंगवर ठेवा जी!" शेवंताबाई किंचाळल्या.

दिवस मावळायच्या आत दोन्हीकडच्या विहिरींत पावडर पडली. पुढचे आठ दिवस आम्ही रोज निरोपाची वाट पाहिली. नवव्या दिवशी तिथल्या नर्सबाईंची चिठ्ठी आली, 'नवीन रोगी नाही. जुने उठून बसले.' डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होते.

त्या सभेच्या कार्यवृत्तात मी वर झालेले हात मोजून जसेच्या तसे लिहिले होते. महिन्याभरानं तपासणीवाल्यांचा शेरा आला. 'उपस्थित सदस्य चार, ठरावाच्या बाजूने हात बेचाळीस. खुलासा करावा.'

मी घाबरत तो कागद नानासाहेबांपुढं धरला. त्यांनी तो वाचला, मिशीला हात लावला.

"लिही," म्हणाले, "ड्रायव्हरचा धरला नाही!"