एस्तेरच्या भोपळ्याची बोली

आमच्या नाटक कंपनीत नवा नट आला की मालक त्याला रंगमंचावर उभा करत आणि स्वतः रिकाम्या थिएटरात अगदी मागच्या रांगेत जाऊन बसत. तिथून म्हणत, "आता हळू बोल." ओरडायला कुणालाही येतं. हळू बोललेलं मागं पोचलं पाहिजे. या परीक्षेत उतरलेली माणसं मी फार थोडी पाहिली, आणि त्यातला एक तर कधी तोंडाला रंग लावून उभाच राहिला नव्हता. आकाराम आवळे. गुळाच्या सौद्यात पुकारा करायचा.

सकाळी मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांचे, म्हणजे ढेपांचे, ढीग लागतात. व्यापारी ढिगाभोवती कोंडाळं करतात आणि अडत दुकानाचा माणूस भाव पुकारत एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकतो. आकारामानं सगळी उमर हेच केलं. मी मुद्दाम ऐकायला गेले होते. "एक वार," तो म्हणायचा, "दोन वार," आणि मग थांबायचा. दोन आणि तीनच्या मधल्या त्या जागेत गुळाला बसलेल्या माशासुद्धा गप्प झाल्यासारख्या वाटायच्या. "तीन वार!" झाला की माल गेला. पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही.

कंपनी बंद पडल्यावर मी कसबा बावड्यात दोन खोल्या घेतल्या. माझी आणि आकारामाची भिंत एकच. त्याच्या घरात तो आणि त्याची बायको एस्तेर. लेक लग्न होऊन पुण्याला. मंडळी ख्रिस्ती, तीन पिढ्यांपासूनची. नदीच्या बाजूला त्यांचं लहानसं देऊळ आहे. त्यांच्यात चर्चला देऊळच म्हणतात. पहिल्याच वर्षी एस्तेर माझ्या दारात येऊन म्हणाली, "बाई, रविवारी आमचा कापणीचा सण हाय. या. तुमच्या नाटकापरास भारी नाटक दावतो तुमास्नी."

खोटं नव्हतं ते. कापणीच्या सणाला ज्याच्या शेतात, घरामागच्या परड्यात जे पिकलं असेल त्यातलं पहिलं देवाला आणतात. ऊस, भात, नारळ, कोंबडी, अंडी, गुळाची ढेप. वेदीपुढं सगळं मांडतात. मग एकेका घरचं माणूस उभं राहतं आणि सरत्या वर्षातल्या एखाद्या गोष्टीबद्दल देवाचे उपकार मानतं. उपासना संपली की बाहेर मांडवात त्या वस्तूंचा लिलाव. आणि गंमत अशी, की घेणारा बहुतेक वेळा वस्तू पुन्हा टेबलावर ठेवतो, "परत देवाला" म्हणतो आणि तिचा लिलाव नव्यानं सुरू होतो. एकदा एक अंडं इतक्या हातांतून फिरलं की ते शेवटी ज्याच्या हातात फुटलं त्यालाच लोकांनी विकत घ्यायला लावलं.

लिलाव पुकारायला अर्थात आकाराम. डोक्याला फेटा, हातात कोंबडा.

"बोला पावणं, बोला! कारखान्याच्या भोंग्याआधी आरवतोय ह्यो कोंबडा! खिसा शिवून आलाय काय? बायकोकडं काय बघताय, कोंबड्याकडं बघा की!"

सगळ्यात शेवटी यायचा एस्तेरचा भोपळा. न्हाणीघराच्या पत्र्यावर तिनं वेल चढवला होता, त्याचं पहिलं फळ. त्या भोपळ्याला एक अट असायची. लिलाव संपता संपता एस्तेर बायकांतून उठून ओरडायची, "बिया आणून द्यायच्या हां! न्हायतर फुडच्या वर्साला ह्ये मलाच लिलावात काढतील!" दर वर्षी लोक हसायचे आणि दर वर्षी घेणारा पुढच्या रविवारी बिया कागदात बांधून आणून द्यायचा. त्याच बियांचा पुढचा वेल.

आकारामाला तो पहिला भोपळा कधी मिळाला नाही. पुकारणाऱ्यानं बोली लावायची नाही, हा सौद्यातला नियम त्यानं देवळातही पाळला. घरात मागनं धरलेले भोपळे शिजायचे, पण एस्तेर टोमणा मारायचीच. "अख्ख्या बावड्यानं माजा देवाचा भोपळा खाल्ला. ह्या एका माणसाच्या नशिबात न्हाय." तो मिशीत हसायचा.

दोन वर्षांमागं त्या मांडवात एक गोष्ट घडली. अंबूबाई म्हणून एक विधवा बाई आहे, भाजी विकते, दारात एक म्हैस. त्या साली पाऊस हटला नव्हता, तिची मेथी पिवळी पडली होती. तरी तिनं एक जुडी धुऊन, दोऱ्यानं बांधून आणली. आकारामानं ती उचलली आणि रंगात येऊन पुकारलं, "बोला! अंबूबाईची मेथी! माणसानं खायाची का म्हशीनं, ते घेणाऱ्यानं ठरवा!"

मांडव फुटला हसून. कुणीतरी चेष्टेतलीच बोली लावली आणि जुडी गेली. पुढच्या साली कापणीच्या सणाला अंबूबाई आली नाही.

हे एस्तेरनं मनात धरून ठेवलं. गेल्या उन्हाळ्यात देवळाच्या महिला मंडळाच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, लिलाव बंद करा. ज्यानं जे आणलं ते एका चुलीवर शिजवू आणि सगळे एका पंगतीला बसू. पाळकसाहेब, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, चंदगडकडून नवेच आलेले, तरुण. त्यांना पटलं. पंचांनाही पटलं. कुणाला पटलं नसेल तर एका आकारामाला. त्या संध्याकाळचं भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं.

"माजा गळा कापलास तू, एस्तेर."

"तुमचा गळा हाय तिथंच हाय. अंबूबाईचा बंद पडला, त्येचं काय?"

"आगं चेष्टा केल्ती. चेष्टा कळत न्हाय व्हय लोकास्नी?"

"समदी हसली. ती हसली का? बघिटलं का तुमी?"

आकाराम दार लोटून बाहेर गेला. बरेच दिवस बोलला नाही. एस्तेर दोघांच्या वाटचं बोलायची. जूनमध्ये तिनं न्हाणीघरामागं बिया टोचल्या, त्याही त्याच्याशी बोलत बोलतच.

गणपतीच्या सुमाराला तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ आहे, उतरेल, असं आम्ही सगळेच म्हणत राहिलो. दवाखान्यात नेली तेव्हा उशीर झाला होता. मी भेटायला गेले त्या दिवशी ती मला नाही, त्याला म्हणाली, "औंदा पंगतीत बसा. आजवर नुस्तं उभं ऱ्हाऊन वरडलासा. एकदा खाली बसून खावा." तो मान हलवायलाही तयार नव्हता. तिच्या पायाकडं बघत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मी रंगमंचावर पुष्कळ मरणं पाहिली, काही स्वतःही मेले. पडदा पडला की उठून चहा प्यायचा. एस्तेरच्या मातीहून परत आल्यावर मी आकारामापुढं चहा ठेवला आणि तो निवून त्यावर साय आली, तरी दोघांपैकी कुणी कपाला हात लावला नाही.

त्यानंतर तो माणूस वेलाच्या मागं लागला. सकाळ-संध्याकाळ पाणी. इतकं पाणी, की मीच म्हटलं, "अहो, कुजेल तो." फुलं पुष्कळ आली आणि गळाली. एकच भोपळा धरला. स्टुलावर चढून तो त्याच्याखाली वाळकं गवत सारायचा. "बाई," मला म्हणायचा, "ह्योच एक हाय हां." जणू मी तो घेऊन जाणार होते.

सणाच्या आदल्या आठवड्यात पाळकसाहेब आणि दोन पंच त्याच्याकडं आले. मी तिथंच होते.

"तात्या," पाळकसाहेब म्हणाले, "लिलाव बंद म्हणजे बंदच. पण मंडळीनं ठरवलंय, यंदा एका भोपळ्यापुरता करायचा, देवळातच, उपकार मानायच्या वेळी. पुकारा तुम्ही करायचा, आणि बोलीही तुम्हीच लावायची. दुसरं कुणी तोंड उघडणार नाही."

"नियम हाय की वो, साहेब," आकाराम म्हणाला.

"नियम आम्ही मोडलाय, तात्या. तुमच्यासाठी."

ते गेले. आकारामानं दार लोटलं आणि माझ्याकडं वळून, लहान मूल म्हणतं तसं म्हणाला, "बाई, मला पायजे तो भोपळा."

रविवारी त्यानं लिलावाचा फेटा पेटीतून काढून बांधला. भोपळा पोराला घ्यावं तसा त्यानं छातीशी धरला आणि आम्ही देवळात गेलो. बायकांच्या बाजूला, पुढून तिसऱ्या बाकावर, एस्तेरची जागा कुणी घेतली नव्हती. मीही घेतली नाही. मी मागं बसले. आणि माझ्याच बाकावर, भिंतीला लागून, अंबूबाई बसली होती. मांडीवर मेथी. हिरवीगार, दोन्ही हातांत न मावेल इतकी.

घरं उभी राहिली, बसली. कुणाला मुलगा झाल्याबद्दल उपकार, कुणाची शस्त्रक्रिया पार पडल्याबद्दल. मग आकाराम उठला. पुढं गेला, वळला, भोपळा डोक्याच्या वर उचलला.

"बोला!"

काय आवाज तो! कौलांपर्यंत गेला. पुढच्या बाकावरचे पंच ओठ घट्ट मिटून बसले होते, कुणी चुकून बोलू नये म्हणून. आकारामाच्या मानेची शीर फुगली. आता तो स्वतःची बोली बोलणार, असं वाटत असतानाच त्याची नजर आमच्या बाकावर आली. मेथीवर थांबली. हात हळूहळू खाली आले.

विराम मी आयुष्यभर ऐकले आहेत. इतका लांब एकही नव्हता.

मग तो हळू बोलला. अगदी हळू, आणि तरी मागच्या भिंतीपर्यंत पोचलं. "अंबूबाई, मेथी झ्याक आलीया. आना की फुडं."

अंबूबाई उठेना. मी तिला कोपरानं ढोसलं. ती पदर सावरत गेली आणि वेदीपुढं जुडी ठेवली. तिच्या शेजारी आकारामानं भोपळा ठेवला.

"ह्यो एस्तेरचा," तो म्हणाला. "लिलाव न्हाय. चुलीवर जाऊ द्या. तिनं सांगितलंतं, मी उशिरा ऐकलं. देवाचे उपकार मानतो... ती..." पाळकसाहेबांनी धरून त्याला बाकावर बसवलं.

मागच्या अंगणात मोठ्या चुलीवर बायकांनी स्वयंपाक केला. अंबूबाईनं विळी कुणाला दिली नाही. भोपळा तिनंच चिरला, मेथी तिनंच निवडली. पंगत बसली तेव्हा आकाराम पहिल्यांदाच त्या मांडवात मांडी घालून बसला. काय करावं ते हातांना कळत नसावं, कारण ताट येईपर्यंत तो फेट्याचा शेमला सारखा मागं टाकत होता. मी त्याच्या शेजारीच बसले होते.

अंबूबाईनं त्याच्या ताटात भोपळ्याची भाजी वाढली. त्यानं घास घेतला. सगळी पंगत न बघितल्यासारखं करून बघत होती.

"ग्वाड हाय," तो म्हणाला.

बायकांनी डोळे पुसले. अंबूबाई हसली. तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

"अंबूबाई," तो म्हणाला, "बिया तेवड्या कागदात बांधून द्या. जूनला लावतो."

अंबूबाईचा पळा हवेत थांबला. "कसल्या बिया?"

"भोपळ्याच्या."

"तात्या..." ती खालीच बसली. "सालं, बिया, देठं, समदं पाटीत भरून म्हशीफुडं टाकलं की वो. मगाशीच. घर हितंच हाय म्हणून पळत जाऊन..."

दर वर्षी बियांचं ओरडून सांगायचं काम एस्तेरचं होतं. यंदा ते कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं, आकारामाच्याही नाही. घरी पत्र्यावर दुसरं फळ नव्हतं. गेल्या सालच्या सगळ्या बिया तिनं टोचल्या होत्या.

एक बाई उठली, म्हणाली, गोठ्यात बघून येते. आकारामानं हातानं तिला बसवलं.

"असू द्या," तो म्हणाला. "म्हस काय परकी हाय व्हय? आपलीच की." अंबूबाई तोंडावर पदर दाबून रडत होती. तिच्यापुढं त्यानं ताट सरकवलं. "रडू नगासा. वाढा आनखी. भाजी ग्वाड झालीया म्हनलं न्हवं?"

तिनं वाढलं. त्यानं सगळं खाल्लं. एकेक घास तो इतका वेळ चावत होता की पंगत उठली, पत्रावळी उचलल्या गेल्या, तरी आम्ही दोघं बसून होतो.

दुपार कलताना आम्ही घरी आलो. मी माझ्या पायरीवर कुलूप काढत होते. तो घरात गेला नाही. फेटा काढून खांद्यावर टाकला आणि न्हाणीघरामागं गेला. वेल सुकत आला होता. पानं कडांनी तपकिरी झाली होती. भोपळ्याखाली सारलेलं वाळकं गवत अजून पत्र्यावर तसंच होतं, मधे गोल खळगा पडलेलं.

त्यानं वेलाच्या बुंध्यावर हात ठेवला.

"एक वार," तो म्हणाला. पुटपुटलाच, पण मला ऐकू आलं. त्याचं मला नेहमीच ऐकू येतं.

"दोन वार."

मी किल्ली कुलपात तशीच धरून उभी राहिले, तीनची वाट बघत. तो पाठमोरा, हात बुंध्यावर. बऱ्याच वेळानं, तीन न ऐकताच, मी दार उघडलं आणि आवाज होऊ न देता आत गेले.