न्हाणीघरातल्या दोन रेघा

न्हाणीघराच्या भिंतीवर दोन रेघा होत्या. काळी माझी, कोळशाची. तांबडी माझ्या धाकट्या जावेची, गेरूची. गरम पाण्याचा पाइप कुठून न्यायचा, त्याच्या त्या रेघा. चैत्र सरत आला तरी आमचं ठरत नव्हतं. तांबड्या रेघेप्रमाणे काम झालं तर येत्या पावसाळ्यात ही बाई याच चार भिंतींत मरेल, अशी माझी खात्री होती.

घरात आम्ही दोघीच. दोघींचे नवरे गेले. मला मूलबाळ नाही. तिचा मुलगा आंबीला कंपनीत जातो, वराळ्याला फ्लॅटमध्ये राहतो. मागच्या उन्हाळ्यात त्यानेच गॅसचा गिझर आणून न्हाणीघरात बसवून दिला. पावसाळ्यात आमच्याकडे वीज येते तेवढीच जाते, म्हणून गॅसचा. नळ सोडला की तो आपोआप पेटतो. बंबात लाकडं घालणं सुटलं, बादल्या उचलणं सुटलं. मलाही तो आवडला होता, खोटं कशाला सांगू.

आमच्याकडे पाऊस सरळ पडत नाही. घाटाकडून वारा येतो आणि पाणी आडवं होऊन भिंतीत शिरतं. त्याला आम्ही झड म्हणतो. म्हणून पावसाआधी घरोघरी पश्चिमेची बाजू झाकून घेतात. पूर्वी गवताने झाकायचे, आता निळं प्लॅस्टिक आणि वरून लाकडी पट्ट्या ठोकतात. न्हाणीघराची खिडकी पश्चिमेलाच आहे. ती दर वर्षी झाकली जायची, तशी मागच्या वर्षीही झाकली. आत गॅस जळणार आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्ही जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बायका. जाळाची भीती आम्हाला कुणी शिकवली नव्हती.

आषाढात एका सकाळी जाऊ आंघोळीला गेली. आंघोळ करताना ती कधी गप्प नसते. शेजारणीच्या कोंबड्यांपासून सरपंचापर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. पाण्याचा आवाज चालू होता, तिचा थांबला. मी हाक मारली. पुन्हा मारली. दाराला आतून कडी. मी पडवीतली पहार आणली आणि दाराच्या फटीत घालून सगळं अंग टाकलं. कडी उखडली.

ती पाटावर बसलेली होती. मान भिंतीला टेकलेली, तोंड उघडं, डोळे अर्धे उघडे. गाल मात्र लालबुंद, लग्नातल्या नवरीसारखे. त्या रंगानेच मी जास्त भ्याले. गरम पाणी तिच्या पायांवरून वाहत होतं आणि पाय हलत नव्हते. मी तिला काखेत धरून ओढत पडवीत आणलं, अंगावर लुगडं टाकलं आणि बोंब मारली. शेजाऱ्याने पिकअप काढली. वाऱ्यावर ती वाटेतच शुद्धीवर आली आणि पहिलं काय बोलली, तर नळ बंद केला का.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत गॅस जळला की हवा विषारी होते. तिला वास नाही, रंग नाही. माणसाला पेंग येते आणि ते बसल्या जागी जातं. मी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन सिलिंडर काढून टाकला. हिवाळाभर बंब पेटवला.

पण तिच्या गुडघ्यांना बादल्या झेपेनात. गिझर परत लावायचा आणि न्हाणीघर नीट करून घ्यायचं, असं ठरलं. लोणावळ्याचे प्लंबर बंगल्यांच्या कामात अडकलेले. एक म्हणाला, "मावशी, बंगला उरकला की येतो." एक बंगला उरकला की त्याला दुसरा लागत होता. तेव्हा आपणच करू, असं जावेने जाहीर केलं. मोबाइलवर बघून तिने मागे मोरीचा नळ बसवला होता आणि तो अजून गळलेला नाही.

तिथून भांडण सुरू झालं. माझी काळी रेघ न्हाणीघराच्या भिंतीतून आरपार पडवीत जात होती. गिझर पूर्वेच्या पडवीत, वारापाऊस लागत नाही तिथे टांगायचा आणि फक्त पाणी आत आणायचं. तिची तांबडी रेघ आतल्या आतच, जुन्या जागेवर.

"भाईर माकडं हायेत, आक्का. पाइप उपटून न्हेतील."

"न्हेऊ देत."

"नळापातूर येईस्तवर पानी गार हुईल."

"हुऊ दे."

"खिडकी उगडी ठिवली म्हंजी झालं की."

"आन झड आली की पयली तूच प्लॅस्टिक ठोकायला उठशील."

ते खरं होतं, हे तिलाही ठाऊक होतं. मग म्हणाली, "मला झोप लागली हुती. तुमी उगंच बोंब मारली."

"झोपल्याल्या माणसाचं डोळं उगडं असत्यात व्हय?"

"माजं असत्यात. आमचं मालक सांगायचं."

तिला त्या सकाळचं काही आठवत नाही. तिला आठवतं ते शेजाऱ्याची गाडी आणि नळ. मेली असती ती, आणि भीती राहिली माझ्याकडे. भांड्याचा आवाज थांबला तरी मी दचकून बघत होते. ती दुपारी झोपली की तिच्या नाकापुढे हात धरत होते. हे तिला माहीत नव्हतं, आणि तिला ते सांगणं मला जमत नव्हतं.

एक दिवस ती गेरू घेऊन तांबडी रेघ पुन्हा ठळक करायला लागली. मी तिला म्हटलं, "हिकडं बघ." पाट मांडला आणि त्यावर बसले. मान भिंतीला टेकवली, तोंड उघडलं, डोळे अर्धे मिटले, हात जमिनीवर सोडले. सिलिंडर घरात नव्हता, खिडकी सताड उघडी होती, तरी माझा श्वास कोंडला. मी उठले नाही. तिने नीट बघावं म्हणून तशीच बसून राहिले.

ती दारात उभी होती. आधी हसली. मग हसणं थांबलं.

"येवढं तोंड उगडं हुतं माजं?"

"व्हय."

"उटा, आक्का. उटा बरं."

मी उठले नाही. मग ती आत आली, माझ्या दंडाला धरून मला उठवलं आणि ओल्या फडक्याने तांबडी रेघ पुसायला लागली. गेरू जात नव्हता. बराच वेळ घासत होती.

पुढचं काम आम्ही काळ्या रेघेवर केलं. गरम पाण्याचा पाइप वेगळा, पिवळट रंगाचा घ्यायचा असतो, हे दुकानदाराने सांगितलं. ती कापत होती, मी टोकं घासत होते, ती सोल्युशन लावून जोडत होती. भिंतीला भोक मी पाडलं. एक सांधा वाकडा बसला, तो तसाच आहे. गॅसची नळी मात्र एजन्सीच्या माणसाकडून जोडून घेतली. त्याने साबणाचा फेस लावून तपासली, आणि तो गेल्यावर मी पुन्हा तपासली.

खिडकीची चौकटच काढून टाकली आणि तिथे सिमेंटची जाळी बसवली. बाहेरून पट्टी ठोकायला लाकूडच ठेवलं नाही.

"पाऊस येनार की अंगावर," ती म्हणाली.

"न्हायालाच बसनार ना? मग पाऊस आला तर काय बिगडलं?"

दाराची कडी तिने आपणहून काढली.

आता झड लागली आहे. आळीतल्या सगळ्या खिडक्या निळ्या झाल्यात, आमची एक तेवढी उघडी. ती आत असते तेव्हा मी बाहेर पालथ्या बादलीवर बसते. मी हाक मारायच्या आतच ती बोलायला लागते, कोंबड्या, सरपंच, वराळ्याची सून. मधेच साबण डोळ्यात गेला की गप्प होते.

तेवढ्यात मी उठून दार ढकललेलं असतं.