हॉटेलातली नवमी

कुणी हॉटेलचं नाव काढलं की दादा डाव्या हाताने आपला जेवणाचा डबा जवळ ओढून घ्यायचे, जणू तो कुणी पळवणार आहे, आणि म्हणायचे, "कैकू साब? घरी चूल आहे ना."

तारनाक्याच्या आमच्या ऑफिसात ते टपालाची आवक-जावक पाहत. मूळचे उदगीरकडच्या शेतकरी घरातले. वडिलांच्या काळात कुटुंब हैदराबादेत आलं आणि अंबरपेठेत स्थिरावलं. बोलता बोलता ते मराठीतून उर्दूत शिरत, आणि रागावले की तेलुगूत. रागावत क्वचितच, त्यामुळे त्यांचं तेलुगू कच्चंच राहिलं.

इराण्याकडचा चहा मात्र त्यांना चालत असे. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "ते हॉटेल नव्हे साब, ती बसायची जागा आहे." अशी तत्त्वनिष्ठ माणसं तुम्हीही पाहिली असतील. तत्त्वाला एक खिडकी ठेवतात, आणि मग दार घट्ट लावून घेतात.

तो काळ दारं उघडण्याचा होता. सरकारने अर्थव्यवस्थेची दारं उघडल्याचं वर्तमानपत्रं रोज लिहीत. आम्हाला प्रत्यक्ष दिसली ती नव्या रेस्टॉरंटांची काचेची दारं. आत एसी, टेबलावर त्रिकोणी घडीचे रुमाल आणि लग्नपत्रिकेहून जाड मेनूकार्ड. ज्यांनी जन्मभर पोळी-भाजी खाल्ली ते लोक 'काल बाहेरच जेवलो' असं परदेशी जाऊन आल्यासारखं सांगू लागले.

त्याच सुमारास त्यांची पत्नी गेली. सगळे तिला अक्का म्हणत. दहाव्याला मुसी नदीच्या काठी मीही होतो. पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. भिंतीवर बसून तो आमच्याकडे निरीक्षकासारखा बघत राहिला. मुलगा पुढे होऊन म्हणाला, "बाबांना मी सांभाळीन." अक्कांच्या भावाने धाकट्या भाचीच्या लग्नाचं वचन दिलं. कावळा ढिम्म. शेवटी दादा पुढे झाले, हात जोडून काहीतरी पुटपुटले, आणि कावळा खाली उतरला.

परतताना मी विचारलं, "काय म्हणालात?"

"हॉटेलात नेईन म्हणालो." थोडं चालल्यावर पुढे म्हणाले, "एकदा बसमधून जाताना तिनं काचेतून आत बघितलं होतं. म्हणाली, जाऊ या का एकदा? मी म्हणालो, घरी चूल आहे ना. त्या चुलीपुढे कोण बसतं, ते माझ्या ध्यानात नाही आलं, साब."

कावळ्यांच्या निर्णयशक्तीवर माझा फारसा विश्वास नाही. भूक लागली की ते येतात. पण हे त्यांना सांगण्याइतका मी विवेकवादी नव्हतो.

वर्षश्राद्ध झालं. पुढच्या पितृपक्षाच्या आधी ते आमच्या घरी आले. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांसाठी अविधवा नवमी असते. त्यांच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात.

"वहिनी," ते माझ्या बायकोला म्हणाले, "नवमीला सवाष्ण म्हणून याल का?"

"येईन की दादा. स्वयंपाकाला कोण आहे?"

"कुणी नाही. हॉटेलात यायचंय."

"हॉटेलात? अहो, सवाष्णीचं जेवण सोवळ्यातलं असतं. तिथे कांदा, लसूण, कोण कुठला आचारी…"

"तिला शब्द दिलाय. हे नाही जमलं तर ती उपाशीच राहील."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा काहीतरी गिळल्यासारखा झाला. मग म्हणाली, "येते." मला तिच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक वाटलं. माझ्या इतर बऱ्याच अंदाजांसारखाच हाही चुकला होता.

त्या वर्षी नवमी नेमकी गांधी जयंतीला आली. सकाळी ऑफिसात फोटोला सुताचा हार घातला गेला. आमचे साहेब साधेपणा या विषयावर पाऊण तास बोलले. दुपारी एक वाजता नारायणगुड्याच्या त्या वातानुकूलित रेस्टॉरंटसमोर रांग होती आणि तिच्यात आमच्यापुढे साहेब सहकुटुंब उभे होते. "सुट्टी आहे, म्हटलं मुलांना…" ते म्हणाले. आम्ही समजून घेतलं. महात्म्यांची आठवण काढली की शहराला भूक लागते, हे मी दर वर्षी पाहत आलो आहे.

टेबल मिळालं. त्यांनी पिशवीतून खण, नारळ, तांदूळ आणि अक्कांचा हळदकुंकवाचा करंडा काढून टेबलावर मांडला. मॅनेजर धावत आला. "साब, बाहर का खाना अलाउड नै."

"खाना किदर है? नारियल है," हे शांतपणे म्हणाले. मॅनेजर नारळाकडे बघत उभा राहिला. नियमात बहुधा नारळ नव्हता.

मग मेनूकार्ड आलं. त्यांनी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. एका पानावर थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. एसीत त्यांच्या कपाळावर घाम आला.

"काय मागवायचं?" मी विचारलं.

"तिला आवडतं ते."

"मग सांगा की."

त्यांनी कार्ड खाली ठेवलं. "तिला काय आवडतं हे मला ठाऊक नाही, साब. मला काय आवडतं ते तिला ठाऊक होतं, त्यावरच बत्तीस वर्षं चाललं. ती मागून जेवायची. काय जेवायची, बघितलं नाही."

तेवढ्यात वेटर आला. माझ्या बायकोकडे बघून त्याचा चेहरा उजळला.

"सलाम अम्मा! भोत दिनां के बाद! बड़ी अम्मा नै आए?"

बायकोने पदर सावरला, पाण्याचा पेला हलवला, माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडेच पाहत होतो.

"कोण बडी अम्मा?" त्यांनी विचारलं.

"दादा," ती म्हणाली, "मी सांगणार नव्हते. अक्का यायच्या इथे. आम्ही चौघी यायचो. गुरुवारी."

"गुरुवारी तर ती भजनाला जायची."

"भजनपण करायचो. आधी."

एवढं होऊनही मला हसू आवरेना. मग लक्षात आलं की गुरुवारच्या भजनाची हीच बातमी दोन वर्षं मलाही मिळत होती, आणि शहरातल्या ढोंगावर शेरे मारणारा मी दर गुरुवारी मुकाट्याने गार वरण-भात खात होतो. माझं हसू थांबलं.

ते मात्र हसले नाहीत. खणाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "कितीदा आली?"

"आठ-दहादा तरी."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही काय म्हणाला असता ते त्यांना पाठ होतं."

ते खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं, उठून जाणार. मग एकदम वळून म्हणाले, "मग कावळा कशाला अडून बसला होता? पोट भरलं होतं ना तिचं?"

माझी बायको फार हळू बोलली. "तुमच्याबरोबर नव्हत्या ना आल्या, दादा."

वेटर वही काढून उभाच होता. त्यांनी डोळे पुसले आणि त्याला म्हणाले, "बड़ी अम्मा का जो है, वोइच लाव."

टोमॅटोचं सूप आलं, पनीर आलं, रुमाली रोटी आली. "ही त्या अशी उलगडून धरायच्या," बायकोने रोटी दोन्ही हातांत धरून दाखवली, "म्हणायच्या, अगं, यातून नारायणगुडा दिसतो." सवाष्ण जेवेपर्यंत यजमानाने घास घ्यायचा नसतो. ते समोर बसून तिचा एकेक घास पाहत होते आणि विचारत होते. सूप गार करून प्यायची का? पनीर संपवायची? आइस्क्रीम आधी खालून खायची की वरून? बायको जेवत होती, सांगत होती, मधूनच रडत होती. शेजारच्या टेबलावरून आमच्या साहेबांची मुलं टक लावून बघत होती.

"आणखी काय?" त्यांनी विचारलं.

"एक राहिलं," ती म्हणाली. "मेनूत चिकन सिक्स्टी फाइव्ह आहे ना, त्यावर दर वेळी बोट ठेवायच्या. म्हणायच्या, पासष्ट तुकडे येतात का गं? मग म्हणायच्या, आज गुरुवार आहे, पुढच्या खेपेला."

त्यांनी वेटरकडे पाहिलं. वेटरने मान हलवली. "आज नानवेज बंद, साब. गांधीजी का दिन है." आणि मिळालं असतं, तरी नवमीच्या जेवणात ते बसलं नसतं.

आता तेही नाहीत. निवृत्तीनंतर ते कुकटपल्लीला मुलाकडे राहायला गेले आणि काही वर्षांनी तिथेच गेले. मुलाने तेरावं एका फंक्शन हॉलमध्ये केलं. बुफे होता, चार प्रकारची स्टार्टर्स होती, आणि कुणीही कुणाची आठवण काढण्याइतका रिकामा नव्हता. नारायणगुड्याचं रेस्टॉरंटही कधीच उठलं. पण मला त्यांचं कुकटपल्लीचं काही आठवत नाही. आठवतो तो एक बुधवार.

पितृपक्ष संपला, नवरात्र संपलं, दसरा झाला. त्यानंतरच्या बुधवारी ऑफिस सुटल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. "चलता का साब?" त्याच रेस्टॉरंटात जाऊन बसलो. मी शाकाहारी, माझ्यापुढे लिंबू-सोडा आला आणि त्यांच्यापुढे चिकन सिक्स्टी फाइव्ह. लालभडक, कढीपत्ता घातलेलं. त्यांनी तुकडे मोजले नाहीत. एक उचलला आणि बराच वेळ चावत राहिले, परीक्षेला बसल्यासारखे.

"आवडलं असतं अक्कांना?" मी विचारलं.

"आवडलं असतं," ते म्हणाले. आवाजात शंका नव्हती. "पण लिंबू कमी आहे म्हणाली असती."

त्यांनी ताटलीतली फोड उचलली, उरलेल्या तुकड्यांवर शेवटच्या थेंबापर्यंत पिळली, आणि वेटरला हाक मारून आणखी एक फोड मागवली.